शाल, श्रीफळ आणि सी-१४१

गेल्या ११ नोव्हेंबरला, म्हणजे इथल्या माजी सैनिकांच्या दिवशी, आमच्या गावची परेड संपली आणि उघड्या गाडीतून उतरणाऱ्या शेजारीणबाईंना हात द्यायला मी पुढे झालो. ओहायोतलं लहानसं गाव. थंडी मी म्हणत होती. बाईंच्या मांडीवर घोंगडी, खांद्यावरून 'ग्रँड मार्शल' लिहिलेला पट्टा. ग्रँड मार्शल म्हणजे आपल्या भाषेत मिरवणुकीचा मानकरी. पाय जमिनीला लागल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तो माइकवरचा माणूस माझ्याबद्दल काय म्हणाला?"

त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला आहे आणि उजव्यात यंत्र आहे. मी सांगितलं, "आकाशातली देवदूत म्हणाला."

"विमान कुठलं ते सांगितलं?"

"नाही."

"हं," म्हणाल्या आणि पट्टा काढून त्यांनी त्याची नीट घडी घातली.

या बाई अमेरिकी हवाई दलात फ्लाइट नर्स होत्या. १९६९-७० या काळात व्हिएतनाममधल्या जखमींना घेऊन येणाऱ्या सी-१४१ विमानांवर त्यांनी काम केलं आणि पुढे राखीव दलातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाल्या. इथे ऐंशी वर्षांच्या बाईंनाही नुसत्या नावानं हाक मारतात. माझी जीभ त्याला अजून सरावलेली नाही, म्हणून इथेही त्यांना बाईच म्हणतो. परेडमध्ये त्यांच्या वाट्याला वीस-बावीस सेकंद आले. मागून हायस्कूलचा बँड आला, त्यामागे जुन्या तोफेची गाडी, आणि माइकवरच्या माणसानं त्या तोफेचं वर्ष, वजन आणि पल्ला असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. तोफेची माहिती त्याच्याकडे होती. बाईंच्या वाट्याला विशेषण आलं.

मला या परेडबद्दल तक्रार करायची आहे, पण बाईंना मान दिला ही ती तक्रार नव्हे. मान द्यायलाच हवा होता, उलट दहा वर्षं आधी द्यायला हवा होता. तक्रार अशी की, त्या मानात त्यांचं काम कुठेच नव्हतं.

यात अमेरिकेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. शाल, श्रीफळ, गुच्छ, स्मृतिचिन्ह, टाळ्या आणि बोळवण, हा आपला हातखंडा प्रयोग आहे. 'सत्कारमूर्ती' हा शब्दच बघा. मूर्तीनं हलायचं नसतं. तरीही आपल्या सत्कारात एक गोष्ट आहे, जी मला या गावच्या रस्त्यावर दिसली नाही : 'सत्काराला उत्तर'. कार्यक्रमपत्रिकेत ते छापलेलं असतं. वेळेअभावी दोन मिनिटांत उरकतात, तोवर मागच्या रांगा बटाटेवड्याकडे निघालेल्या असतात, हे सगळं खरं. पण ज्याचा सत्कार केला त्यानं उत्तर द्यायचं असतं, एवढी जाण तरी त्या प्रथेत आहे. उघड्या गाडीतून हात हलवत जाणाऱ्या माणसाला उत्तर देताच येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, युद्धातल्या नर्सचा सत्कार करायचा असेल तर तिच्या हातात माइक द्या. नाहीतर करूच नका.

हे इतकं ताठर का, तर या बाईंकडे सांगण्यासारखं जे आहे ते दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.

एका संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी नुसतं विचारलं होतं, "विमानात डॉक्टर किती असायचे?" त्या हसल्या. डॉक्टर बहुधा नसेच. दोन नर्स, तीन तंत्रज्ञ, आणि स्ट्रेचरच्या एकावर एक रचलेल्या रांगा. सी-१४१ मध्ये ऐंशी स्ट्रेचर मावत. जपानमधल्या योकोटाहून कॅलिफोर्नियातल्या ट्रॅव्हिस तळापर्यंत नऊ-दहा तास पॅसिफिकवर. मध्येच कुणाचं काही बिघडलं तर निर्णय नर्सचा. कुणाला कुठल्या फळीवर ठेवायचं हाही तिचाच निर्णय. ज्याला सतत हात लावावा लागणार तो कमरेच्या उंचीवर, जड प्लास्टरवाला खाली. कण्याला मार लागलेला माणूस खास चौकटीत दोन पट्ट्यांमध्ये बांधलेला, आणि ठरल्या वेळी चौकटीसकट उलटा करायचा, म्हणजे पाठीला व्रण होत नाहीत. हे डोलणाऱ्या विमानात.

आणि आवाज. इंजिनांच्या घरघरीत स्टेथोस्कोपातून काहीच ऐकू येत नाही. "मग?" म्हटल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. तीन बोटं नाडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, ओठ मिटलेले. पूर्ण मिनिटभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी. चहा कमी कर." रक्तदाबही असाच, पट्टा आवळून सैल करताना नाडी बोटाला पुन्हा कधी लागते ते बघून. ऐकण्याचं काम बोटांनी केलं आणि कान मात्र कायमचे गेले.

विमानात चिप्सचं बंद पाकीट फुगतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आठ हजार फुटांवर असतो तेवढा दाब कॅबिनमध्ये असला, तर अडकलेली हवा जमिनीवरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. पाकिटाच्या जागी माणसाची छाती आहे, फुटलेल्या कवटीत अडकलेला बुडबुडा आहे, टाके घातलेलं पोट आहे असं धरा. श्वासनलिकेतल्या नळीभोवतीचा फुगासुद्धा वर गेल्यावर फुगून नळीच्या भिंतीवर दाब आणतो, म्हणून त्यात हवेऐवजी पाणी भरायचं. सूज वाढेल म्हणून प्लास्टर उड्डाणाआधीच उभं चिरून ठेवायचं. हे काम करुणेनं भागत नाही, त्याला भौतिकशास्त्र लागतं. करुणा होतीच, पण तिच्यासाठी वेगळा वेळ नव्हता, असं बाई म्हणाल्या.

'देवदूत' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. देवदूताला शिकावं लागत नाही, तो थकत नाही, चुकत नाही. मुख्य म्हणजे त्याला हुद्दा, पगार आणि पेन्शन लागत नाही. ज्या व्यवस्थेनं नर्सना देवदूत म्हटलं, तिनंच त्यांना हुद्दा द्यायला किती वर्षं लावली ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकी सैन्यात नर्सांचं पथक १९०१ साली उभं राहिलं. १९२० मध्ये त्यांना 'सापेक्ष हुद्दा' मिळाला, म्हणजे खांद्यावर पट्ट्या अधिकाऱ्याच्या, पण हक्क आणि वेतन अधिकाऱ्याचं नाही. कायमस्वरूपी पूर्ण अधिकारी हुद्दा १९४७ च्या कायद्यानं दिला, तोवर दोन महायुद्धं होऊन गेली होती. १९७० साली व्हिएतनाममध्ये असलेल्या हवाई दलाच्या कॅप्टन सुसन स्ट्रक या नर्सला दिवस गेले, तेव्हा तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या : गर्भपात किंवा नोकरीतून मुक्ती. ती कोर्टात गेली, तिची बाजू पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लढवली. सर्वोच्च न्यायालयानं खटला ऐकायचं ठरवताच हवाई दलानं तिच्यापुरती माघार घेतली आणि खटला निकाली न लागताच मिटला.

आपल्याकडे याची जोडगोष्ट आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली नोकरीतून काढलं, कारण त्यांनी लग्न केलं. तसा लेखी नियमच होता, १९७७ चा. तो १९९५ मध्ये मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. काढून टाकल्यापासून निकालापर्यंत छत्तीस वर्षं उलटली होती. दरम्यान ३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी देशभरातल्या रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. मला तो दिवस आठवतो. आकाशातून नर्सांवर फुलं पडत होती, आणि हवाई दलाच्या विमानांत बसून रुग्ण आणणाऱ्या नर्सही असतात, हे त्या बातमीत कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

आता पहिला आक्षेप. परेड लढणाऱ्यांची असते, नर्स काही लढत नाही, असं लोक उघड म्हणत नाहीत, पण गाड्यांच्या क्रमातून ते कळतं. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धातल्या मृतांची नावं कोरलेली काळी भिंत १९८२ साली झाली, १९८४ मध्ये शेजारी तीन सैनिकांचा पुतळा आला, तिघेही पुरुष. तिथे नर्सांचं स्मारक मागायला त्या युद्धात स्वतः नर्स असलेल्या डायान कार्लसन एव्हान्स पुढे आल्या, तेव्हा १९८७ मध्ये सरकारच्या ललित कला आयोगानं नकार दिला. एकाला परवानगी दिली तर उद्या सगळेच मागतील, हा त्यातला एक सूर होता. स्मारक अखेर ११ नोव्हेंबर १९९३ रोजी उभं राहिलं. भिंतीवरच्या अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावांत बायकांची नावं आठ, आणि आठही नर्स. त्यांतली एक फ्लाइट नर्स, कॅप्टन मेरी क्लिंकर. ४ एप्रिल १९७५ रोजी सायगावमधून अनाथ मुलांना घेऊन निघालेलं सी-५ विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळलं, त्यात ती गेली.

धोक्याचा हिशेब काढायचाच तर दुसऱ्या महायुद्धाचा काढू. नर्सची विमानं जाताना दारूगोळा किंवा सैनिक घेऊन जात आणि येताना जखमी आणत, म्हणून त्यांच्यावर रेड क्रॉसचं चिन्ह रंगवता येत नसे. शत्रूच्या दृष्टीनं ती सरळ लक्ष्य होती. सुमारे ५०० अमेरिकी फ्लाइट नर्स होत्या, १७ मेल्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये एक विमान वाट चुकून जर्मनांच्या ताब्यातल्या अल्बानियात उतरलं. तेरा नर्स बर्फातून, डोंगरातून चालत निघाल्या. बहुतेक जणी दोन महिन्यांनी सुटल्या, तिघी तर मार्चमध्ये. १९४४ मध्ये पॅसिफिकमध्ये मेरी लुईस हॉकिन्सचं विमान बेलोना बेटावर कसंबसं उतरलं, इंजिनाचा पंखा तुटून आत घुसला आणि एका जखमीची श्वासनलिका चिरली गेली. तिनं जीवरक्षक जाकिटाची फुगवायची नळी कापून त्याच्या घशातलं रक्त ओढायची सोय केली आणि मदत येईपर्यंत एकोणीस तास त्याला जगवला. याला लढणं म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्या वादात रस नाही, कारण 'ती पण लढली' असं सिद्ध करून तिला आत घेतलं की, लढणं हीच मोजपट्टी राहते. त्या युद्धात विमानानं ११ लाख ७६ हजार ४८ रुग्ण हलवले गेले आणि वाटेत ४६ दगावले. मोजपट्टी हवी तर ही घ्या.

या सगळ्याची सुरुवात आपल्या अंगणातून झाली, हे मला इथे येऊन कळलं. जानेवारी १९४३ मध्ये एल्सी ऑट नावाची अमेरिकी नर्स कराचीत होती. तेव्हाचं कराची म्हणजे अखंड हिंदुस्तान. तिला आदल्या दिवशी सांगितलं की, उद्या पाच गंभीर रुग्ण घेऊन विमानानं वॉशिंग्टनला जायचं. ती तोवर विमानात बसलेलीच नव्हती. आफ्रिकेवरून, अटलांटिकवरून, मजल दरमजल साडेसहा दिवसांत तिनं पाचही जणांना पोचवलं. बोटीनं याच प्रवासाला तीन महिने लागले असते. दोन महिन्यांनी तिला एअर मेडल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री. पण मला मेडलपेक्षा तिचा अहवाल महत्त्वाचा वाटतो. उतरल्यावर तिनं लिहून दिलं : प्राणवायू हवा, मलमपट्टीचं सामान जास्त हवं, पांघरुणं हवीत, आणि स्कर्ट घालून हे काम होत नाही. याला म्हणतात सत्काराला उत्तर! फ्लाइट नर्सांची पहिली तुकडी १८ फेब्रुवारी १९४३ रोजी केंटकीतल्या बोमन फील्डवर शिकून बाहेर पडली. तिला द्यायला बिल्लेही तयार नव्हते. जनरल डेव्हिड ग्रँट यांनी स्वतःच्या कोटावरचं पंखांचं चिन्ह काढून पहिल्या आलेल्या नर्सच्या कोटाला लावलं.

दुसरा आक्षेप उलट दिशेनं येतो आणि तो मला जास्त टोचतो. आमच्या ओळखीतले एक मराठी प्राध्यापक म्हणाले, "अहो, नर्सला पुढे करून युद्धाला मऊ चेहरा देतात हे लोक. तिनं बरा केलेला सैनिक परत बंदूकच उचलतो ना?" यात तथ्य आहे. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाचं ब्रीदच मुळी लढाऊ बळ टिकवण्याचं आहे, त्यात दया-माया कुठे नाही. मी ते बाईंपुढे तसंच ठेवलं. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "माझ्या विमानातले परत बंदूक उचलणारे नव्हते. ज्यांना उचलता येणार होती ते माझ्या विमानापर्यंत येतच नव्हते."

हे वाक्य परेडच्या माइकवरून ऐकू यायला हवं होतं.

कारण नर्सला जे माहीत असतं ते युद्धाचं बिल असतं. अतुल गावंडे हे सर्जन, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या घराण्यातले. त्यांनी २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आकडे मांडले होते : जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांपैकी दुसऱ्या महायुद्धात ३० टक्के दगावले, व्हिएतनाममध्ये २४, इराक-अफगाणिस्तानात १०. व्हिएतनाममधून मायदेशीच्या रुग्णालयात पोचायला सरासरी ४५ दिवस लागत, इराकमधून चारांपेक्षा कमी. याचं श्रेय रणांगणाजवळच्या शस्त्रक्रियेला आणि या विमानांना. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, मृतांची यादी आखूड होते तेव्हा युद्ध स्वस्त झाल्यासारखं दिसतं. दोन्ही पाय गेलेला, चेहरा भाजलेला, एकविसाव्या वर्षी कमरेखाली लुळा झालेला माणूस त्या यादीत नसतो. तो नर्सच्या आठवणीत असतो. तिला देवदूत म्हणून गाडीत बसवलं की ते बिल टेबलावर येतच नाही. युद्धाला मऊ चेहरा येतो तो तिला गप्प बसवल्यानं. परेडच्या समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, रस्त्याच्या कडेला लहान मुलं असतात, त्यांच्यासमोर हे कसलं बोलायचं. मुलं गाड्यांवरून उधळलेल्या गोड गोळ्या वेचत होती आणि पाच मिनिटांनी तोफेच्या नळीवर चढून फोटो काढत होती. तोफ चालते, तर नाडी मोजायला काय हरकत आहे?

आपल्याकडे हा दिवस १४ जानेवारीला येतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्या दिवशी निवृत्त झाले, म्हणून तो माजी सैनिकांचा दिवस. बहुतेक वर्षी नेमकी संक्रांत असते. तिळगुळाच्या गडबडीत तो कुणाच्या लक्षातही येत नाही. 'आजी-माजी सैनिक' असं फलकावर लिहिताना डोळ्यांपुढे मिशाच येतात. बायका येतात त्या वीरपत्नी, वीरमाता म्हणून, म्हणजे कुणाच्या तरी कोण म्हणून. भारतीय सैन्यदलात पहिली महिला मेजर जनरल झाली ती १९७६ साली, गर्ट्रूड अॅलिस राम, आणि त्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या होत्या. स्पर्धा परीक्षेवाल्यांना विचारून बघा. या सेवेतल्या मेजरला वॉर्डात हाक येते ती 'ओ सिस्टर' अशीच. पुण्यात एएफएमसीचं, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं, नर्सिंग कॉलेज आहे, लष्कराचं कमांड हॉस्पिटल आहे, मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. तिथून निवृत्त झालेल्या बाई तुमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर असतील. हळदी-कुंकवाला बोलावलंच आहे तर वाण देताना विचारा, कुठल्या विमानात होतात?

इथे अमेरिकेत त्यासाठी व्यवस्था आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा माजी सैनिकांच्या आठवणी जमवण्याचा प्रकल्प २००० साली कायद्यानं सुरू झाला. कुणीही साधा माणूस किमान तीस मिनिटांची मुलाखत ध्वनिमुद्रित करून पाठवू शकतो. आमच्या मराठी मंडळाची पोरं गणपतीत ढोल वाजवतात, एवढं तर त्यांना सहज जमेल. फेब्रुवारीत मी आणि माझी मुलगी फोन घेऊन बाईंकडे गेलो. फ्रीजचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून मुलीनं प्लग काढला. बाईंनी विचारलं, "कसला आवाज?" तीस मिनिटांचे पावणेदोन तास झाले आणि फ्रीजमधलं आइस्क्रीम वितळलं.

परेडच्या मानकऱ्यांचे फोटो आमच्या गावच्या वाचनालयात लागतात, खाली चार ओळी असतात. यंदा त्या ओळी मी लिहितो असं समितीला सांगितलं. त्यांनी खुशाल लिहा म्हटलं, साठ शब्दांत. मी लिहिलं : सी-१४१ स्टारलिफ्टर, योकोटा ते ट्रॅव्हिस, ऐंशी स्ट्रेचर, दोन नर्स, डॉक्टर नाही. शेवटी, 'त्यांनी शेकडो सैनिकांचे प्राण वाचवले.' दाखवायला नेलं तर बाईंनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि शेवटच्या ओळीतलं 'प्राण वाचवले' खोडून तिथे लिहिलं, 'घरी पोचवलं'. मग जरा थांबून 'शेकडो'ही खोडलं.

"किती ते मोजलं नव्हतं," म्हणाल्या. "आणि दोघं नव्हते पोचले. ते पण लिही."

आता साठाचे बासष्ट शब्द झालेत. समितीला कळवलंय, अजून उत्तर नाही.